मिठाआधीचे सहा तास : वऱ्हाडात कातड्यामागे पाच दिवस

पहिला दिवस : नागपूर ते वर्धा

तमिळनाडूतील राणीपेट येथे एका चामड्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षे तपासनीस म्हणून काम केले. युरोपातील महागड्या बॅगांसाठी जाणाऱ्या शेळीच्या चामड्याची प्रतवारी लावणे हे माझे काम होते. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या सपाट उजेडात टेबलावर चामडे पसरायचे, तळहात फिरवायचा, उलटवून मांसाकडची बाजू पाहायची आणि कोपऱ्यात खडूने आकडा लिहायचा. दिवसभरात शेकडो चामडी हाताखालून जात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच कारणाने खालच्या प्रतीत पडत: कुशीजवळ सुरीचा बारीक घाव, किंवा वेळेवर मीठ न लागल्यामुळे विटलेला पोत. माल कुठून आला हे गाडीच्या पावतीवर लिहिलेले असे, आणि पुष्कळदा तिथे अमरावती, अकोला, यवतमाळ अशी माझ्याच मुलखातील नावे असत. घाव नेमका कोणत्या गावात बसला, हे मात्र कोणत्याच कागदावर नसे. या फेब्रुवारीत घरी नागपूरला आलो, तेव्हा पाच दिवस काढून त्या पावतीच्या उलट दिशेने जायचे ठरवले.

प्रवासाला निघण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण बाजारातल्या समजुतीच्या ती विरुद्ध आहे. चामडे जितके महाग, तितका त्यावरचा रंगाचा थर पातळ. हलक्या प्रतीच्या चामड्याचा वरचा पोत घासून काढतात, त्यावर रंगद्रव्याचा जाड लेप देतात आणि यंत्राने खोटी नक्षी उमटवतात. त्याखाली गोचिडाचा डाग, काट्याचा ओरखडा, खरजेचा व्रण, सगळे झाकले जाते. उंची बॅगेसाठी लागणारे चामडे ॲनिलीन पद्धतीने, म्हणजे पारदर्शक रंगात रंगवलेले असते आणि त्यातून जनावराच्या कातडीचा मूळ पोत जसाच्या तसा दिसतो. त्यामुळे त्या चामड्याची किंमत कारखान्यातील कसबाने राखता येते, निर्माण करता येत नाही. ती जनावराच्या अंगावर, आणि नंतर सुरी व मीठ यांच्यामधल्या काही तासांत, आधीच ठरलेली असते.

नागपूरहून वर्ध्याला सकाळीच पोहोचलो. मगनवाडीतील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले गेले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण गांधीजी आणि त्यांचे सहकारी त्या दशकात वर्ध्यात चामड्याचाही तितक्याच बारकाईने विचार करत होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली त्याचे काम याच मगनवाडीतून चालले. शेजारच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने चामडे कमावण्याचे, म्हणजे कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करण्याचे काम स्वतःच्या हातांनी शिकावे आणि करावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तिथला आग्रह मेलेल्या जनावराच्या, म्हणजे न मारलेल्या जनावराच्या कातड्याचा होता.

गांधीजींनी सप्टेंबर १९३४ मध्ये ‘हरिजन’मध्ये गावातील चर्मोद्योगावर एक लेख लिहिला होता. देशातून कच्चे कातडे बाहेर जाते आणि तयार वस्तूंच्या रूपाने परत येते, ही त्यातली तक्रार आजही ओळखीची वाटते. मला मात्र त्यातला दुसराच मुद्दा धंद्याच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. मेलेले जनावर उचलून न नेता जमिनीवरून फरफटत नेतात, त्यामुळे कातडे खरवडले जाते आणि त्याची किंमत उतरते, असे त्यांनी नोंदवले होते. प्रतवारीच्या टेबलावर न बसलेल्या माणसाने हे नेमके पकडले, याचे मला आश्चर्य वाटते.

ते जनावर ओढण्याचे काम कोणाच्या माथी मारलेले होते, हे मात्र त्याच वेळी विसरता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले होते, आणि नागपूरच्या १९५६ च्या धर्मांतरानंतर तर विदर्भातील असंख्य गावांनी ते काम कायमचे टाकले. ‘जुने कारागीर राहिले नाहीत’ अशी हळहळ मी आमच्या धंद्यातील पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. हळहळणाऱ्यांपैकी एकाचाही मुलगा कुंडीत हात घालून बसलेला मी पाहिलेला नाही. काम गेले ते कसब नको होते म्हणून गेले नाही. त्या कसबाबरोबर येणारे हीनपण नको होते म्हणून गेले, आणि ते जाणे योग्यच होते.

दुपारनंतर पुलगाव, धामणगाव, चांदूर रेल्वे असा प्रवास करून अमरावती गाठली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता.

दुसरा दिवस : अचलपूर तालुक्यातील एक आठवडी बाजार

परतवाड्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या या गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्या एका गावाचे नाही. बाजाराच्या एका टोकाला, चिंचेच्या झाडांखाली, शेळ्या-बोकडांचा व्यवहार चालतो. त्यांत बहुतेक बेरारी जातीच्या होत्या: तांबूस अंगाच्या, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे असलेल्या. अमरावती, अकोला, वर्धा, नागपूर हा या जातीचा मुलूख, आणि तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झालेली आहे. कारखान्यात मी या शेळ्यांना चौरस फुटांनीच ओळखत आलो होतो. चांगल्या वाढलेल्या बोकडाचे कातडे साडेचार-पाच फुटांपर्यंत भरते आणि मध्यम आकाराच्या एका बॅगेला, कापातली नासाडी धरून, अशी दोन-तीन कातडी लागतात.

एका बाईंनी दोन बोकड विकायला आणले होते. मी त्यांपैकी एकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि केस बाजूला सारून कातडी पाहू लागलो, तेव्हा त्या हसल्या.

“दात पाहा, वजन पाहा. केसात काय पाहून राहिले, भाऊ?”

मी गोचिडाचे जुने डाग दाखवले. गोचीड सुटून गेला तरी त्याने तोंड खुपसलेली जागा चामड्यावर सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यासारखी कायम राहते, आणि पारदर्शक रंगात ती अधिकच गडद दिसते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग औषध मारलं त मले किती जास्त भेटतीन?” मला उत्तर देता आले नाही. बोकडाचा भाव अंगावरच्या मांसावर ठरतो. कातड्याचा हिशेब त्या व्यवहारात कुठेच नसतो. बोरी-बाभळीच्या कुंपणातून चरत जाणाऱ्या शेळीच्या अंगावर ओरखडे येणारच, पण गोचीड आणि खरूज या दोन्ही गोष्टी थोड्या खर्चात टाळता येतात. तो खर्च ज्यांनी करायचा, त्यांच्यापर्यंत त्याचा परतावा पोहोचत नाही, एवढीच अडचण आहे; आणि पुढचे तीन दिवस ही अडचण मला वेगवेगळ्या तोंडांतून ऐकायला मिळणार होती.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बैल होते, पण थोडे. गोवंशहत्याबंदीच्या कायद्याला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हैस त्या बंदीच्या बाहेर राहिली. राज्यातील चामड्याच्या धंद्यावर याचा परिणाम सरळ आहे: जाड चामड्यासाठी म्हशीवर आणि नाजूक चामड्यासाठी शेळी-मेंढीवर विसंबणे भाग पडले. मेलेल्या बैलाचे कातडे काढण्यास कायद्याची आडकाठी नसली, तरी ते गाडीत घालून रस्त्याने नेणाऱ्याची छाती धडधडत असते, हे तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला हलक्या आवाजात सांगितले. त्यांच्या तरुणपणी गावाला चामडे लागायचे ते मोटेला, नाड्याला, वहाणांना आणि ढोलाला. विहिरीवर इंजिन बसले आणि मोट गेली; वहाणा रबराच्या झाल्या; नाडे नायलॉनचे आले. ढोल तेवढा राहिला आहे, पण हल्ली त्यावरही पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे पान चढते. गावातल्या जनावराचे कातडे गावातच कमावले जावे आणि गावातच झिजावे, ही साखळी कोणी मुद्दाम तोडली नाही. तिचे गिऱ्हाईक एकेक करून उठून गेले.

तिसरा दिवस : सुरी, मीठ आणि गोदाम

पहाटे साडेपाचला त्याच गावातल्या एका खाटीककाकांच्या ओट्यावर हजर झालो. त्यांचे वय साठीच्या आसपास असावे. चाळीस वर्षे ते हेच काम करत आहेत. आदल्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या नोकरीविषयी सांगितले होते आणि एक विनंती केली होती: पहिल्या बोकडाचे कातडे त्यांना येते तितक्या चांगल्या रीतीने काढावे. ते म्हणाले होते, “येते त मले सगळंच, भाऊ. गिऱ्हाईक थांबलं पाह्यजे.”

खरोखरच त्यांना सगळे येत होते. हनुवटीपासून पोटाच्या मध्यावरून एक सरळ चीर, पायांच्या आतल्या बाजूंनी चार चिरा, आणि त्यानंतर सुरी बाजूला. पुढचे सगळे काम मुठीचे. कातडे आणि मांस यांच्यामध्ये मूठ सारत ते बरगड्यांवरून पाठीकडे गेले. अंग अजून ऊन होते, त्यामुळे कातडे ओल्या सदऱ्यासारखे सुटत होते. हे अंग गार झाले की मूठ सरत नाही, सुरी घ्यावी लागते आणि सुरी घेतली की घाव बसतो. पाच-सात मिनिटांत कातडे जमिनीवर आले. मी ते उलटे करून उजेडाकडे धरले: एकही घाव नव्हता. राणीपेटच्या टेबलावर असे कातडे आले असते, तर मी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारून दाखवले असते.

तोवर ओट्यापुढे सात-आठ माणसे जमली होती. दुसऱ्या बोकडाला काकांनी दोन मिनिटांत मोकळे केले, तेही सुरीने. कुशीजवळ तीन घाव बसले, एक आरपार. मी काही बोललो नाही. पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांना मटण हवे होते.

आता मीठ. जनावर मेल्यावर कातड्यातले जीवाणू ताबडतोब कामाला लागतात. थंडीत थोडी सवड मिळते, पण वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात चार-सहा तासांतच केसांची मुळे सुटू लागतात. केस हाताने सहज उपटले गेले, तर समजावे की पोताचा वरचा पापुद्रा खालून कुजू लागला आहे. असे कातडे कमावता येते, पण त्याला पुन्हा तकाकी येत नाही. यावर उपाय एकच आणि अत्यंत साधा आहे: कातडे पसरून, मांसाची बाजू वर करून, वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत जाडे मीठ चोळणे. काकांच्या दुकानात मीठ नव्हते. कातडी कोपऱ्यातल्या पोत्यात कोंबली जात, आणि दुपारी मोटारसायकलवरून येणारा फेरीवाला पाच-सहा गावांची कातडी गोळा करून संध्याकाळी अमरावतीला नेत असे. मीठ लागायचे ते तिथे, गोदामात. मी पहाटेच किराणा दुकानदाराला उठवून जाड्या मिठाची थैली आणली होती. पहिल्या कातड्याला दोघांनी मिळून मीठ लावले, आणि मागच्या पायाच्या टोकाला मी आरीने तीन छिद्रे पाडली. कारखान्यात कातड्यावर खूण करायची असली, तर अशीच छिद्रे पाडतात, कारण चुना, आम्ल आणि रंग या सगळ्यांतून तेवढीच खूण टिकते.

एका कातड्याला काय मिळते, असे मी काकांना विचारले. पावकिलो मटणाच्या भावापेक्षा कमी, असे उत्तर आले. चांगले आणि वाईट दोन्हींना? “सरसकट. नगावर.”

फेरीवाल्याच्या मागोमाग मीही अमरावतीला आलो. शहराबाहेरच्या या गोदामात शिरताना पहिल्यांदा नाकाला जे जाणवते त्याची मला सवय होती. बाहेर रिक्षात थांबलेल्या चालकाला नव्हती. आत कातड्यांच्या थप्प्या मिठाच्या थरांसह छातीपर्यंत चढलेल्या होत्या आणि खाली नाळीतून खारे पाणी झिरपत होते. बहिरमची यात्रा नुकतीच संपली होती. महिनाभर तिथे मातीच्या हंड्यांत जे मटण शिजते, त्या सगळ्याची कातडी शेवटी अशाच गोदामांत येतात. काही जुन्या थप्प्यांवर लालसर छटा दिसत होती. मीठ आवडणारे जीवाणूही असतात, आणि माल फार दिवस पडून राहिला की ते आपला रंग दाखवतात.

गोदामाचे मालक मोकळेपणाने बोलणारे निघाले. त्यांचा हिशेब असा. माल तमिळनाडूतील कारखान्याला लॉटने जातो. तिथे कातडी भिजवतात, चुन्यात टाकून केस काढतात, मांस खरवडतात, आम्लात घालतात आणि क्रोमच्या क्षारांनी कमावतात. त्या अवस्थेत त्यांना निळसर रंग येतो, म्हणून त्यांना ‘वेट ब्लू’ म्हणतात. खरी प्रतवारी तेव्हाच होते, कारण केस असताना पोत दिसत नाही. तोपर्यंत दोन-तीन आठवडे उलटलेले असतात आणि माल हजार-अकराशे किलोमीटरवर गेलेला असतो. कारखाना सांगतो की लॉटमध्ये इतके टक्के खराब निघाले, आणि तेवढी कपात करून पैसे देतो, तेही महिन्या-दोन महिन्यांनी. कोणाचे कातडे खराब निघाले, हे शोधता येत नाही. म्हणून कपात सगळ्यांवर सारखी वाटली जाते. “तुमच्याच टेबलावर कापतात ना आमचे पैसे?” असे त्यांनी हसत विचारले, आणि मी खडूने लिहिलेल्या त्या आकड्यांची आठवण होऊन मला त्या हसण्यात सामील होता आले नाही.

त्यांची दुसरी काळजी अधिक नवी होती. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वेट ब्लू चामड्यावरील मूळ आयात शुल्क माफ झाले. परदेशातून स्वच्छ, प्रतवारी केलेले चामडे शुल्काशिवाय येणार असेल, तर घाव पडलेली वऱ्हाडी कातडी चढ्या भावाने कोण घेईल, असा त्यांचा प्रश्न होता. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर त्या सवलतीत काही चूक नाही. गोदामाच्या बाजूने पाहिले तर भाव पडण्याचे आणखी एक कारण तयार झाले, हेही खोटे नाही.

रात्री लॉजवर बसलो असता मला इटलीची आठवण झाली. कारखान्याने एकदा मला फ्लॉरेन्स आणि पिसा यांच्यामध्ये, आर्नो नदीच्या काठी वसलेल्या सांता क्रोचे सुल्लार्नो या गावी आठवडाभरासाठी पाठवले होते. ते गाव आणि शेजारचे पोंते आ एगोला म्हणजे चामड्याचेच गाव. तिथली कच्ची कातडीदेखील पुष्कळशी बाहेरच्या देशांतून येतात. म्हणजे जनावर त्यांचे असते असे नाही. कारखाने मात्र लहान लहान, आणि एकेक काम वेगळ्या घराकडे: एक जण मांस खरवडतो, दुसरा चामड्याचे पदर काढतो, तिसरा वाळवतो, चौथा इस्त्री करतो. मोठमोठ्या नाममुद्रांच्या बॅगा शिवणारी स्कांदिच्ची ही वस्ती तिथून चाळीसेक किलोमीटरवर. शिवणाऱ्याला चामड्यात खोट दिसली, तर तो दुपारच्या आत चामडे कमावणाऱ्याच्या दारात उभा राहतो. माझ्या समोरच एक म्हातारा कारागीर चामड्याचा तुकडा स्कूटरवर घालून आला आणि दहा मिनिटे हातवारे करून परत गेला. पुढच्या खेपेला ती खोट नसणार, हे उघड होते. त्या गावांचे यश मला त्या स्कूटरमध्ये दिसले. आमची स्कूटर, म्हणजे फेरीवाल्याची मोटारसायकल, एकाच दिशेने जाते: भरलेली जाते आणि रिकामी परत येते, सोबत कोणताही निरोप न घेता.

या साखळीत मालाबरोबर आणखी एक गोष्ट विदर्भातून दक्षिणेत जाते, ती म्हणजे मीठ. कातड्याला लावलेले मीठ कारखान्याच्या पहिल्या हौदात धुऊन निघते आणि त्या पाण्यातून ते काढणे महाग व अवघड असते. राणीपेट, वाणियंबाडी, आंबूर या पट्ट्यातील पालार नदीचे आणि विहिरींचे काय झाले, हे १९९६ च्या वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर नोंदवले आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व त्या निकालात मान्य झाले. त्या भरपाईत अमरावतीच्या गोदामाचा वाटा किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तो विचारणे अमरावतीलाही सोयीचे नव्हते.

चौथा दिवस : मेळघाट

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून पुढे एका कोरकू वस्तीत गेलो, ते हिरड्यासाठी. क्रोम येण्यापूर्वी चामडे झाडांवर कमावले जाई, आणि ती झाडे विदर्भात आजही उभी आहेत. बाभळीच्या सालीत साधारण बारा ते वीस टक्के टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य असते. पिकलेल्या हिरड्याच्या फळात तीस टक्क्यांच्या आसपास. एकट्या बाभळीवर कमावलेले चामडे तांबडे आणि कडक होते; हिरडा मिसळला की रंग उजळतो आणि चामड्याला नरमपणा येतो, कारण हिरड्यातील साखर आंबून सौम्य आम्ल तयार होते. सालीच्या पाण्याने भरलेली, कातडे शिवून केलेली पिशवी लाकडी तिवईला टांगून ठेवायची आणि पाणी झिरपेल तसे वरून पुन्हा ओतायचे, ही आपल्याकडची जुनी पद्धत. क्रोमने जे काम एका दिवसात होते, त्याला इथे आठवडे लागत.

वस्तीतील एका घरापुढे अंगणात हिरडे वाळत घातले होते. घरातल्या आजी कोरकूत बोलत आणि नातू त्याचे मराठी करून सांगत असे. कोवळे, सुरकुतलेले बाळहिरडे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते, कारण औषधवाला त्यांनाच चांगला भाव देतो. मोठी, पिवळी, पिकलेली फळे ढिगाने पडली होती. ही कशासाठी जातात, असे विचारल्यावर नातू म्हणाला, “रंगासाठी जातात म्हणतात. कुठे, ते माहीत नाही.” मी त्याला सांगितले की चामडे कमावणारे मागतात ती हीच पिकलेली फळे. त्याने एक फळ दगडाने फोडून माझ्या हातावर ठेवले; जिभेला लावताच तोंड आक्रसले, तेच टॅनिन. जे तोंडातल्या कातडीचे होते, तेच बोकडाच्या कातडीचे होत असते.

टस्कनीत आजही काही कारखाने वनस्पतींवरच चामडे कमावतात, १९९४ पासून त्यांचा संघ आहे आणि त्यांच्या चामड्याला वेगळी ओळख व वेगळा भाव मिळतो. ते चेस्टनटचे लाकूड, दक्षिण अमेरिकेतील केब्राचो आणि मिमोसा यांचा अर्क वापरतात. मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीचीच चुलत बहीण. बेरारी बोकड ज्या बाभळीच्या काट्यांनी ओरखडतो, तिची साल आणि चिखलदऱ्याचा हिरडा ही सगळी सामग्री पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात आहे, हे घाट उतरताना माझ्या मनात आले; आणि लगेच हेही आले की सामग्री जवळजवळ पडलेली असणे म्हणजे साखळी नव्हे. पाणी कुठून आणायचे, सांडपाणी कुठे न्यायचे आणि कुंडीत हात कोणी घालायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय ‘इथेच का करत नाही’ असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.

पाचवा दिवस : परतवाडा, अमरावती

परतवाड्यात एका चर्मकार काकाजींच्या दुकानात तासभर बसलो. पुढ्यात रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि पाण्याची कुंडी. पाठीमागे भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर. त्यांच्याकडे चामडे येते ते चेन्नईहून, धारावीतल्या व्यापाऱ्यामार्फत. म्हणजे शेजारच्या गावाचे कातडे दोन हजारांहून अधिक किलोमीटर फिरून त्यांच्याकडे परत येत असण्याची शक्यता आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, “येत असन. पण त्याच्यावर नाव थोडीच लिवलं हाये.”

कोल्हापुरीचा विषय निघणे अटळ होते. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन नाममुद्रेने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता; गदारोळ झाल्यावर तो करावा लागला. वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांपुरते आहे. त्यात विदर्भ नाही आणि असण्याचे कारणही नाही. पण काकाजींचा मुद्दा वेगळा होता. कोल्हापूरकरांजवळ बोट दाखवायला एक वस्तू होती, म्हणून जगाला ऐकावे लागले, “आपल्यापाशी काय हाये? कच्चा माल. कच्च्या मालाची नक्कल कोणी करत नाही, फक्त भाव पाडते.” इतके नेमके वाक्य मला अकरा वर्षांत एकाही बैठकीत ऐकायला मिळाले नव्हते.

अमरावतीत एका ताईंच्या बॅगांच्या कार्यशाळेत गेलो. सहा बायका, चार शिलाई यंत्रे. त्या चामडे कापताना मी पाहत राहिलो. ताईंनी शेळीचे तयार चामडे टेबलावर पसरले, कुशीजवळच्या घावाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि साचा असा फिरवला की घाव बाहेर राहावा. घावाचा तुकडा खालच्या टोपलीत पडला. त्या टोपलीत तसे पुष्कळ तुकडे होते. पैसे पूर्ण चामड्याचे मोजावे लागतात आणि पाचव्या हिश्शाइतके टोपलीत जाते, असे त्या म्हणाल्या. घाव नसलेली शेळीची कातडी थोडे जास्त पैसे देऊन घ्याल का, या प्रश्नावर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. महिन्याला किती, हेही सांगितले. तो आकडा लहान होता, पण या पाच दिवसांत चांगल्या कातड्याला वेगळे पैसे देण्याची तयारी दाखवणारे ते पहिले माणूस होते, आणि खाटीककाकांचे गाव तिथून तास-दीड तासावर होते. मधली फक्त कमावण्याची पायरी हजार किलोमीटर दूर होती.

संध्याकाळी पुन्हा गोदामात गेलो. मालकांनी एका पोऱ्याला सोबत दिले. अर्धा तास थप्पी उलगडल्यावर तीन छिद्रांचे कातडे सापडले. केस घट्ट होते, मांसाची बाजू स्वच्छ, वास सौम्य. मी ते मालकांपुढे पसरले आणि शेजारी त्याच दिवशीचे, घाव बसलेले दुसरे कातडे ठेवले. त्यांनी दोन्हींवरून हात फिरवला. त्यांना फरक कळत नव्हता असे मुळीच नाही. “उत्तम आहे,” ते म्हणाले, आणि वहीत पाहून सांगितले की त्या गावाच्या सगळ्या नगांचे पैसे फेरीवाल्याला कालच चुकते झाले, एकाच भावाने. तीन छिद्रांचे कातडे पोऱ्याने पुन्हा थप्पीत ठेवले.

रात्री नागपूरच्या गाडीत बसल्यावर खाटीककाकांना फोन करून हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “थैलीतलं मीठ उरलं हाये, भाऊ. त्याचं काय करू?”

मी त्यांना ताईंचा नंबर दिला, आणि ताईंना त्यांचा. मधल्या हजार किलोमीटरचे काय करायचे, ते दोघांनाही सांगता आले नाही.